सह्याद्रीचा उकळता दगड आणि प्लॅस्टिकची पिशवी



या वर्षी सुट्टीत भारतात गेल्यावर आजी-आजोबांबरोबर अजिंठा किंवा वेरूळ पाहण्याचा बेत ठरला, तर लेण्यांच्या वाटेवर दगड विकणारे फेरीवाले तुम्हाला गाठतीलच. दगड बाहेरून काळा, ओबडधोबड. पण फोडलेला असतो आणि आत स्फटिक चमचमत असतात. कुणाच्या हातात गव्हाच्या पेंढीसारखा दिसणारा गुलाबी तुकडा असतो, तर कुणाकडे पांढऱ्याशुभ्र सुयांचा झुबका. बाबा घासाघीस करतील, आई म्हणेल, "सामानाचे वजन वाढेल." तरी एखादा लहानसा तुकडा जरूर घ्या. त्या गुलाबी दगडाचा, आपल्या इथल्या सित्राच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा आणि कोल्ड स्टोअरमधून रोज घरी येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा एकमेकांशी संबंध आहे. तो कसा, ते आज पाहू.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या जमिनीतून लाव्हारस बाहेर पडला. तो एकदाच नव्हे, तर थरावर थर असा पुनःपुन्हा येत राहिला. तो थंड होऊन काळा पाषाण झाला. आपले सह्याद्रीचे कडे, रायगड, सिंहगड, वेरूळचे कैलास लेणे, सगळे याच पाषाणाचे. भाकरी फुगताना आत वाफ कोंडते, तसे या रसात वायूचे बुडबुडे कोंडले आणि रस थिजल्यावर पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत गेले आणि जाताना त्यात विरघळलेली द्रव्ये मागे ठेवून गेले. त्यांतून हे स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील खाणींमधले स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. नाशिकजवळ सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचे संग्रहालयच आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखे आहे, पालकांनी लक्षात ठेवावे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत मोरपिशी निळ्या रंगाचे कॅव्हन्साइट सापडते. ते आपल्या आजच्या कुळातले नाही, पण बहुतेक वेळा त्या कुळातल्या गुलाबी दगडाच्या मांडीवरच बसलेले असते.

या कुळाचे नाव झिओलाइट. आपल्या गुलाबी दगडाचे नाव स्टिल्बाइट, पांढऱ्या सुयांचे स्कोलेसाइट. कुळाला नाव दिले १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने. (निकेल हा धातू शोधून काढणारा तोच.) त्याने हा दगड ज्योतीवर धरला, तेव्हा दगडातून वाफ निघू लागली आणि तो फसफसला. दगड उकळतो आहे असेच त्याला वाटले. ग्रीक भाषेत उकळणे आणि दगड या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याने 'झिओलाइट' हा शब्द बनवला. मराठीत म्हणायचे तर 'उकळता दगड'.

दगडात पाणी आले कोठून? झिओलाइट आतून भरीव नसतो. जुन्या वाड्याची कल्पना करा. दिंडीदरवाजा लहान, वाकून आत जावे लागते, आत मात्र मोठा चौक, त्याला लागून खोल्या, खोलीतून खोली, पुन्हा चौक. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी बांधलेला हा असाच वाडा असतो, आणि त्याच्या खोल्यांत पाणी साठलेले असते. तापवले की पाणी निघून जाते, पण भिंती उभ्याच राहतात. अर्थात हा वाडा अतिशय लहान. एका प्रकारच्या झिओलाइटचा दरवाजा जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित मोठा असतो. असे एक लाखाहून जास्त दरवाजे शेजारी शेजारी उभे केले, तेव्हा कुठे तुमच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी होईल. खोल्या इतक्या, की काही झिओलाइटांच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या भिंती उलगडून जमिनीवर अंथरल्या तर कबड्डीची पाच मैदाने झाकली जातील. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर पूड!

आता सित्राला जाऊ. १९३२ साली जबल दुखानच्या पायथ्याशी बहरीनला तेल लागले आणि १९३६ साली इथला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. आपल्या वर्गातल्या काही मुलांचे बाबा तिथे कामालाही जातात. जमिनीतून निघणारे कच्चे तेल म्हणजे लहान-मोठ्या माळांची गुंतवळ असते. प्रत्येक मणी म्हणजे कार्बनचा एक अणू, त्याला चिकटलेले हायड्रोजनचे अणू. तीन-चार मण्यांची माळ असेल तर तो स्वयंपाकाचा गॅस. पाच ते बारा मण्यांची माळ म्हणजे पेट्रोल. त्याहून लांब माळांचे डिझेल. वीस-तीस मण्यांची झाली की माळ घट्ट होते, तिचे मेण बनते. लोकांना हवे असते पेट्रोल, आणि तेलात निघतात भरपूर लांब माळा. मग लांब माळा तोडाव्या लागतात.

तोडायच्या कशा? नुसत्या तापवल्या तरी तुटतात, पण कुठेही, कशाही तुटतात. तिथे झिओलाइट कामाला येतो. त्याच्या भिंतीत जिथे ॲल्युमिनियमचा अणू बसलेला असतो, तिथे हायड्रोजनचा एक भारित कण बसवता येतो. हा कण म्हणजे आम्लाचा अंश, लिंबात असतो तसाच, पण कितीतरी जहाल. माळ खोलीत शिरली की हा कण तिला चिकटतो, माळ अस्थिर होते आणि तुटते. कण पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो, पुढच्या माळेची वाट पाहतो. जो पदार्थ दुसऱ्यांमधला बदल घडवून आणतो आणि स्वतः खर्च होत नाही, त्याला उत्प्रेरक म्हणतात. काही पुस्तकांत यासाठी विरजणाचे उदाहरण देतात. मला ते पटत नाही. विरजण दह्यात वाढते आणि दह्याबरोबर आपण ते खाऊनही टाकतो. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवा. शेकडो सुपाऱ्या फुटतात, अडकित्ता तसाच राहतो. झिओलाइट हा अडकित्ता आहे.

अमेरिकेतल्या मोबिल कंपनीच्या प्लँक आणि रोझिन्स्की या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा अडकित्ता तेलकारखान्यांना दिला. आज जगभर, बहरीनमध्येसुद्धा, जड तेलाचे पेट्रोल करणाऱ्या मोठ्या भट्ट्यांत झिओलाइटची पूड वापरतात. पावडरच्या डब्यातल्या पावडरसारखी ही बारीक पूड तेलाच्या वाफेबरोबर नळीतून पाण्यासारखी वाहते. पाचशे अंशांच्या आसपास तापमान आणि दोन-चार सेकंदांची भेट, तेवढ्यात माळा तुटतात. ही पूड सह्याद्रीतून खणून आणलेली नसते बरे का. वाळूतले सिलिका, ॲल्युमिना आणि सोडा पाण्यात घालून बंद भांड्यात, मोठ्या प्रेशर कुकरात शिजवावे तसे शिजवून कारखान्यात झिओलाइट बनवतात. निसर्गाला लाखो वर्षे लागली, माणसाला काही तास किंवा काही दिवस पुरतात.

यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे 'एनसीएल' म्हणतात. तिथे डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक झिओलाइट बनवला आणि प्रयोगशाळेच्या नावावरून त्याचे नाव ठेवले 'एन्सिलाइट'. बडोद्याच्या कारखान्यात तो पॉलिएस्टर धाग्याचा कच्चा माल बनवायला वापरला गेला. म्हणजे तोडण्याचेच नव्हे, हवी ती वस्तू घडवण्याचे कामही हा दगड करतो.

आता पिशवी. पॉलिथिनची पिशवी कशाची असते? त्याच मण्यांची! फक्त माळ हजारो मण्यांची. मेणबत्तीचे मेण आणि पिशवी ही सख्खी भावंडे आहेत, एक बुटके, एक भलतेच उंच. हिवाळ्यात आपण साखीरच्या वाळवंटात तंबूवर जातो, तेव्हा वाऱ्याने उडून कुंपणाच्या तारांना अडकलेल्या पिशव्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या तारेवर पेट्रोलच अडकलेले आहे म्हणा ना, फक्त न तोडलेले. मग झिओलाइट जर तेलाच्या माळा तोडतो, तर पिशवीच्या का नाही तोडणार?

तोडतो. हे प्रयोगशाळांत अनेकदा दाखवून झाले आहे. बंद भांड्यात, हवा न लागू देता प्लॅस्टिक नुसते तापवले तर साधारण साडेचारशे-पाचशे अंशांना त्याची वाफ होते आणि थंड केल्यावर बरेचसे मेणासारखे घट्ट तेल मिळते. (हवा लागली तर ते जळेल आणि विषारी धूर होईल, म्हणून हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही.) झिओलाइट बरोबर असेल तर कमी तापमानात भागते, आणि मेणाऐवजी पेट्रोलसारखे पातळ तेल व गॅस जास्त मिळतो. कोणता झिओलाइट घेतला, म्हणजे दरवाजा केवढा, यावर काय निघेल तेही बऱ्याच अंशी ठरवता येते. मोठी वस्तू खोलीत तयार झाली तरी लहान दरवाजातून तिला बाहेर पडता येत नाही. पुन्हा तुटून किंवा आकार बदलूनच बाहेर यावे लागते.

मात्र इथेच पहिली अडचण आहे. हजारो मण्यांची, वेटोळे घालून बसलेली माळ त्या दिंडीदरवाजातून आत शिरणार कशी? वितळलेले प्लॅस्टिक मधासारखे चिकट, ते वाड्याच्या बाहेरच घुटमळते. आधी बाहेरच्या भिंतीवर जेवढे कण असतील ते तिला तोडतात, मग लहान तुकडे आत जातात. म्हणून आता शास्त्रज्ञ असे झिओलाइट बनवतात, की ज्यांत लहान दरवाजांच्या जोडीला मोठे बोळही असतील: आधी बोळ, मग चौक, मग खोली. हे काम अजून चालू आहे.

दुसरी अडचण काजळीची. माळा तुटताना थोडा कार्बन खोल्यांतच साचतो आणि दरवाजे बुजतात. तेलकारखान्यात यावर उपाय आहे. काळी पडलेली पूड शेजारच्या भट्टीत जाते, तिथे सातशे अंशांच्या आसपास गरम हवेत काजळी जळून जाते आणि पूड पुन्हा पांढरी होऊन परत येते. ही फेरी दिवसरात्र चालते.

तिसरी अडचण मात्र शास्त्रज्ञांच्या हातातली नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. सित्राच्या कारखान्यात तेल येते ते बहुतेक सौदी अरेबियातून, नळाने. २०१८ मध्ये सुरू झालेली नवी वाहिनी ११२ किलोमीटर लांब आहे. आज येते तसेच तेल उद्या येणार, हे कारखान्याला माहीत असते. आत जाण्यापूर्वी त्यातले मीठसुद्धा धुऊन काढतात. आता आपल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहा. दुधाची बाटली, तिच्यावर बिर्याणीचा रस्सा. चिप्सचे पाकीट, ज्याला आतून ॲल्युमिनियमचा मुलामा. पाण्याची बाटली, लोणच्याची पिशवी, तुटलेला प्लॅस्टिकचा नळ. सगळे आपल्या दृष्टीने 'प्लॅस्टिक'. झिओलाइटच्या दृष्टीने यातले काही अन्न, काही विष.

नळ पीव्हीसीचा असतो. त्यात क्लोरीन असते, तापवल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती लोखंडी भांडे खाते आणि झिओलाइटच्या भिंतीतले ॲल्युमिनियमही उपटून काढते. पाण्याच्या बाटलीत ऑक्सिजन असतो. तिच्यापासून तेल नीट मिळत नाही, तिचा धागा काढणेच शहाणपणाचे. आणि लोणच्याच्या पिशवीत काय असते? मीठ. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. झिओलाइटच्या भिंतीत त्या तोडणाऱ्या हायड्रोजन कणाची जी जागा असते, नेमकी तीच सोडियमला फार आवडते. सोडियम येऊन तिथे बसला की कण उठून जातो आणि ती जागा कामातून जाते. काजळी जाळता येते, पण सोडियम जाळून जात नाही. अडकित्त्याची धारच गेली म्हणा!

म्हणजे न धुतलेली लोणच्याची पिशवी ही केवळ 'घाण' नाही. करोडोंचा उत्प्रेरक हळूहळू मारणारी ती वस्तू आहे.

महाराष्ट्रात हे काम प्रत्यक्ष करून पाहणारी माणसे आहेत. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी उत्प्रेरकाच्या मदतीने प्लॅस्टिकपासून इंधन काढण्याची पद्धत बसवली आणि २००५ मध्ये बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना उभा राहिला. त्यांचे नाव तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजले. पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी सुरुवातीचे प्रयोग चक्क प्रेशर कुकरमध्ये केले. पुढे जेजुरीला त्यांनी उत्प्रेरक वापरून प्लॅस्टिकचे तेल करणारे यंत्र बसवले. मला त्यांच्या यंत्राहून त्यांची गोळा करण्याची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते: पुण्यातल्या घराघरांतून लोक प्लॅस्टिक धुऊन, वाळवून, वेगळे साठवून देतात. सरकारी प्रयत्न पाहायचा तर देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये 'गेल' कंपनीच्या साहाय्याने एक संयंत्र सुरू झाले. दिवसाला एक टन प्लॅस्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल, अशी त्याची आखणी होती.

आता थोडे पालकांसाठी.

"प्लॅस्टिकचे पेट्रोल होते, मग वापरायला काय हरकत?" असा निष्कर्ष कृपया काढू नये. एक टन कागदावर मोठा वाटतो. पण २०१९ या एका वर्षात जगात सुमारे ३५ कोटी टन प्लॅस्टिक कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. निम्मा कचरा जमिनीत पुरला गेला. आपला बहरीनमधला घरचा कचरासुद्धा अस्करच्या कचराभूमीतच जातो. शिवाय भट्टी तापवायला ऊर्जा लागते. तुटताना निघणारा गॅस त्यासाठी वापरतात हे खरे, पण तयार झालेले डिझेल शेवटी गाडीत जळते आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. एका पिशवीला आणखी एक काम मिळाले, इतकेच. माझ्या मते त्या तेलाचे डिझेल करण्यापेक्षा पुन्हा प्लॅस्टिकच करणे बरे, म्हणजे तेवढे नवे तेल जमिनीतून काढावे लागणार नाही. जगातल्या काही मोठ्या कारखान्यांनी अलीकडे तशी सुरुवात केली आहे. ते प्लॅस्टिकचे तेल आपल्या नेहमीच्या कच्च्या मालात मिसळतात. हे तूर्त महाग पडते, आणि महाग पडण्याचे मोठे कारण पुन्हा तेच: गोळा करणे, निवडणे, धुणे.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्या आपल्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांनी पाहिल्या आहेत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, बहरीनमध्ये २०१९ पासून पिशव्यांवर टप्प्याटप्प्याने बंधने आली. कायद्याने पिशवी कमी होईल, पण दुधाची बाटली, शाम्पूची बाटली, डाळीचे पाकीट राहणारच. त्यांच्यासाठी हा दगड कामाचा आहे.

मुलांनो, आता तुमचा गृहपाठ. घरातला प्रत्येक प्लॅस्टिकचा डबा, बाटली उलटी करून पाहा. तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत एक आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची किंवा सरबताची बाटली. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दह्याचे आणि जेवणाचे डबे बहुधा याचे. हे तिघे झिओलाइटचे आवडते. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, तेही चालते. ३ म्हणजे पीव्हीसी. ७ म्हणजे 'इतर', त्यात काहीही असू शकते.

एका कागदावर आकडे आणि त्यांच्यापुढे वस्तूंची नावे मराठीत लिहून पुढच्या शुक्रवारी वर्गात आणा. स्वयंपाकघरात आईला विचारल्याशिवाय डबे रिकामे करू नका. आणि वेरूळचा तो गुलाबी दगड आधीच कुणाच्या घरी काचेच्या कपाटात असेल, तर तोही आणा. आपण तो भिंगाखाली पाहू. दरवाजे दिसणार नाहीत, पण पेंढी दिसेल.